यंत्र कोणासाठी? जैववैद्यकीय अभियांत्रिकीची व्यावसायिक पदव्युत्तर पदवी

15 सप्टेंबर 2020 रोजी राज्य शासनाने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू केली आणि आशाताईंच्या पिशवीत दोन उपकरणे आली. एक कपाळासमोर धरायचा तापमापक, दुसरे बोटाला चिमट्यासारखे लावायचे ऑक्सिमीटर. नाशिक शहरातल्या सदनिकेत आणि पेठ तालुक्यातल्या पाड्यावर उपकरण तेच होते आणि नियमही तोच. आकडा 95 च्या खाली गेला की दवाखान्यात चला.

दवाखान्यात चला, हे म्हणणे दोन्हीकडे सारखे नाही, एवढे कोणालाही कळते. नाशिकहून पेठ पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे. मध्ये सावळघाट आणि कोटंबीचा घाट लागतो, पुढे हाच रस्ता गुजरातेत धरमपूरकडे उतरतो. वस्ती बहुतांश कोकणा, महादेव कोळी, वारली अशा आदिवासी समाजांची. पावसाळ्यात भात, नागली, वरई; पावसाळा संपला की दिंडोरी-नाशिककडच्या द्राक्षबागांवर मजुरी. पावसाच्या चार महिन्यांत पाड्यावरून तालुक्याच्या गावी पोचणे हेच मोठे काम असते. पण खरा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. बोटावर दिसणारा तो आकडा दोन्ही ठिकाणी सारखाच खरा असतो का? आणि हे जाणून घ्यायचे असेल तर माणसाने काय शिकायला हवे?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे जैववैद्यकीय अभियांत्रिकी, इंग्रजी वळणाने ‘बायोमेडिकल इंजिनिअरिंग’. आपल्याकडे या विषयाबद्दल दोन समज आहेत. एक, हे रुग्णालयातली यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांचे शिक्षण आहे. दुसरा, हे कृत्रिम हृदय आणि यंत्रहात बनवणाऱ्यांचे शिक्षण आहे. दोन्ही समज अर्धे खरे आहेत. त्यांच्या मधल्या जागेत एक तिसरे शिक्षण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभे राहिले. त्याला व्यावसायिक पदव्युत्तर पदवी म्हणतात. परदेशी जाऊ पाहणाऱ्या आपल्या मुलांच्या यादीत ती असते, पण तिचा अर्थ बहुधा ‘लवकर संपणारी पदवी’ एवढाच लावला जातो.

ऑक्सिमीटरच उदाहरणाला घेऊ. जपानमधल्या ताकुओ आओयागी या अभियंत्याने 1974 मध्ये त्याचे तत्त्व मांडले. बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवायचा, एक लाल, सुमारे 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, सुमारे 940 चा. प्राणवायू वाहणारे रक्त लाल प्रकाश बऱ्यापैकी जाऊ देते आणि अवरक्त जास्त शोषते. प्राणवायू सोडून दिलेले रक्त याच्या उलट वागते. पण बोटात रक्ताखेरीज त्वचा, हाड, स्नायू, नख हे सगळेच प्रकाश शोषतात. आओयागींची हुशारी अशी की त्यांनी फक्त नाडीबरोबर हलणारा भाग मोजला. ठोक्याठोक्याला कमीजास्त होते ते धमनीतले रक्त, बाकी सगळे स्थिर. स्थिर ते वजा केले की उरते ते हवे ते.

इतके समजायला अभियांत्रिकीची पहिली पदवी पुरते. विद्युत परिपथ, प्रकाशाचे गणित, नाडीच्या लहरींतून गोंगाट वेगळा काढण्याची रीत, थोडे शरीरशास्त्र. बंद पडलेला ऑक्सिमीटर उघडून चालू करणारा तंत्रज्ञ यातले निम्मे जाणतो आणि कधीकधी पदवीधरापेक्षा जास्त जाणतो. संशोधनाची पदव्युत्तर पदवी घेणारा विद्यार्थी याच्या पुढे जाऊन एखादाच प्रश्न घेतो, समजा हात हलत असताना लहरीत येणारा गोंधळ, आणि त्यावर प्रबंध लिहितो.

व्यावसायिक पदवी वेगळ्याच टोकाला हात घालते. प्रकाशाच्या दोन मापांच्या गुणोत्तरावरून 95 हा आकडा येतो कसा? त्यासाठी एक तक्ता लागतो आणि तो तक्ता गणितातून निघत नाही. निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायूची हवा श्वासातून देतात, त्यांच्या धमनीतले रक्त काढून प्रत्यक्ष तपासतात आणि यंत्राचा आकडा त्याच्याशी जुळवतात. म्हणजे तुमच्या बोटावरच्या आकड्यामागे कुठल्या तरी प्रयोगशाळेतल्या मूठभर माणसांची बोटे असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2013 मध्ये दिलेली मार्गदर्शक सूचना किमान दहा माणसांवर समाधानी होती, आणि त्यांत गडद त्वचेची किमान दोन माणसे किंवा एकूण संख्येच्या 15 टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते, असावीत असे तिचे म्हणणे होते.

मग डिसेंबर 2020 मध्ये, आपल्याकडे घरोघर ऑक्सिमीटर फिरत असतानाच, मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. यंत्र 92 ते 96 दाखवत असताना प्रत्यक्ष रक्तातले प्रमाण 88 च्याही खाली असलेले किती, हे त्यांनी तपासले होते. गोऱ्या रुग्णांत असे 3.6 टक्के निघाले, कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के. यंत्र बिघडलेले नव्हते. ते नेमून दिलेले काम चोख करत होते. चूक त्याच्या जन्माच्या वेळी, बोटे निवडताना झाली होती. जानेवारी 2025 मध्ये त्याच प्रशासनाने नव्या सूचनेचा मसुदा काढला, त्यात दहाच्या जागी दीडशे किंवा अधिक माणसे आणि त्वचेच्या छटा मोजण्याची ठरावीक पट्टी सुचवली आहे.

यावरून पेठच्या पाड्यावरचा आकडा किती चुकतो, हे सांगता येणार नाही. भारतीय त्वचेच्या छटा अनेक, आणि अमेरिकेतला निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावणे ही तीच चूक पुन्हा करणे होईल. इथे आणखी एक गोष्ट आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आदिवासी समाजांत अधिक आढळतो. भारतात त्याची नोंद प्रथम 1952 मध्ये झाली, निलगिरीतल्या आदिवासींत. 2023 च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले, तेही याच समाजांसाठी. प्राणवायू कमी पडला की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, म्हणजे प्राणवायूचे माप त्यांच्यासाठी अधिकच मोलाचे. आणि नेमके याच रुग्णांत ऑक्सिमीटरचा आकडा व धमनीतल्या रक्ताची तपासणी यांत तफावत पडते, असे अनेक अभ्यासांत नोंदले आहे. त्यात थंडीने गारठलेले बोट, शेतात राबून जाड झालेली कातडी, नखावरची मेंदी. हे सगळे मोजावे लागेल. कोणी तरी तिथे बसून मोजावे लागेल.

व्यावसायिक पदवीचा अभ्यासक्रम कसा असतो, ते आता सांगता येईल. शरीरशास्त्र, उपकरणशास्त्र, प्रतिमाशास्त्र, शरीरात बसवायच्या पदार्थांचा अभ्यास हे सगळे असतेच. पण वजन दुसरीकडे असते. पहिले सत्र बऱ्याचदा रुग्णालयात काढायचे. शस्त्रक्रियागृहात, बाह्यरुग्ण विभागात, परिचारिकांच्या खोलीत उभे राहायचे आणि काही बनवायचे नाही, फक्त पाहायचे. कोणते यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवले आहे, कोणत्या यंत्राला चिकटपट्टी लावली आहे, कोणता इशारा वाजला की परिचारिका न बघता बंद करते. या निरीक्षणांतून शंभरेक गरजा लिहायच्या आणि गाळत गाळत एकीवर यायचे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात या शतकाच्या सुरुवातीला ‘बायोडिझाइन’ नावाने ही पद्धत बांधली गेली. पुढे 2007-08 च्या सुमारास दिल्लीचे एम्स आणि आयआयटी यांनी भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने ती इथे आणली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अशीच वर्षभराची पदवी आहे आणि तिचे विद्यार्थी परदेशातल्या अल्पसाधन रुग्णालयांत जाऊन पाहणी करतात.

गरज लिहिणे म्हणजे काय, हे वाटते त्यापेक्षा अवघड असते. ‘पेठसाठी स्वस्त ऑक्सिमीटर हवा’ हे वाक्य या वर्गात नापास होते, कारण त्यात उत्तर आधीच ठरवून टाकले आहे. पास होणारे वाक्य असे काहीसे असेल: ‘रस्ता तुटणाऱ्या पाड्यावरच्या दोन महिन्यांखालील बाळाला न्यूमोनिया झाला आहे, हे अक्षरओळख नसलेल्या बाईला ओळखता यावे, आणि ती वेळेत उपचार सुरू करू शकावी.’ या वाक्यात यंत्राचे नावच नाही. आजार आहे, कोणाला आहे ते आहे, ओळखणारी कोण ते आहे, आणि काय साधले म्हणजे झाले तेही आहे.

हे वाक्य मी हवेतून घेतलेले नाही. महाराष्ट्रात त्याचे उत्तर तीसपेक्षा जास्त वर्षांपूर्वी तयार झाले, तेही लाकडाचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि परत येऊन गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त असतील, आणि दोन महिन्यांवरच्या मुलाचे पन्नास किंवा जास्त, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी, हा वैद्यकातला नियम. पण गावच्या सुईणीला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. बंगांनी श्वास मोजण्याचे एक साधन केले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. 1992 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याआधी, 1990 च्या ‘लॅन्सेट’मध्ये, गावपातळीवर न्यूमोनिया ओळखून तिथेच प्रतिजैविक दिल्याने त्याने होणारे बालमृत्यू तुलनेतल्या गावांपेक्षा 54 टक्क्यांनी कमी होते, असा त्यांचा अभ्यास आला होता.

बंग दाम्पत्य डॉक्टर आहे, अभियंता नाही, आणि त्यांची पदवी सार्वजनिक आरोग्याची होती. तरीही जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या व्यावसायिक पदवीत जे शिकवायचा प्रयत्न होतो, त्याचे इतके नेमके उदाहरण मला मराठी मुलखात दुसरे दिसत नाही. ज्याला दहापर्यंत मोजता येते त्याच्यासाठी साठपर्यंतचे मोजमाप दहाच्या तुकड्यांत मोडले. विजेचा प्रश्न नाही, सुटे भाग नाहीत, त्वचेचा रंग मध्ये येत नाही. अडचण एकच, बाळ रडत असेल तर थांबावे लागते.

अभियंत्यांच्या बाजूनेही आपल्याकडे काम झाले आहे. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने कृत्रिम हृदयझडप बनली. आधीचे तीन नमुने फसले आणि चौथा डिसेंबर 1990 मध्ये प्रथम रुग्णाच्या हृदयात बसला. आयात झडपेपेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडली. ते जमले याचे एक मोठे कारण असे की रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकाच संस्थेच्या छपराखाली होत्या. शल्यविशारदाचा वैताग अभियंत्याला दुसऱ्या दिवशी ऐकू यायचा. मुंबईत आयआयटीमध्ये प्रा. बी. रवी यांनी 2014 मध्ये ‘बेटिक’ हे केंद्र सुरू केले. राज्य शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचे साहाय्य त्याला मिळाले आणि पुण्याचे सीओईपी व नागपूरचे व्हीएनआयटी त्याला जोडले गेले. तिथून निघालेल्या एका कंपनीचा डिजिटल स्टेथोस्कोप करोनाकाळात संरक्षक पोशाखातल्या डॉक्टरांच्या उपयोगी पडला, कारण कानाला नळी न लावता आवाज दुरून ऐकता येत होता. खुद्द नाशिकचे म्हणाल तर रमेश रासकर. एमआयटीतल्या त्यांच्या गटाने 2010 मध्ये मोबाइलच्या पडद्यावर एक छोटे भिंग-जोड बसवून चष्म्याचा नंबर काढायचे साधन दाखवले.

आता व्यवहार. ज्यांच्या घरात बारावीनंतरचे किंवा अभियांत्रिकीनंतरचे मूल आहे, त्यांना हा भाग वाचायचाच असतो.

भारतात पदव्युत्तर पदवीचे दार बहुतेक ठिकाणी ‘गेट’ परीक्षेचे. 2020 पासून त्यात जैववैद्यकीय अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. त्याआधी या विषयाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स किंवा उपकरणशास्त्राच्या पेपरला बसावे लागे. आयआयटी दिल्लीचे जैववैद्यकीय केंद्र एम्सबरोबर 1971 मध्येच स्थापन झाले. आयआयटी मद्रास, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि त्रिवेंद्रमची चित्रा संस्था मिळून ‘क्लिनिकल इंजिनिअरिंग’ची एम.टेक. चालवतात. रुग्णालयातला सहवास हवा असेल तर माझ्या मते ही आपल्याकडची सर्वांत जवळची पदवी. आयआयटी खरगपूर एमबीबीएस झालेल्यांना उलट दिशेने तीन वर्षांत तंत्रज्ञान शिकवते. गेट देऊन एम.टेक.ला आलेल्या विद्यार्थ्याला महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतन मिळते. अमेरिकेतल्या खाजगी विद्यापीठात अशाच पदवीची नुसती वर्षाची फी साठ हजार डॉलरच्या वर जाऊ शकते, आणि व्यावसायिक पदवीला प्रबंधाच्या पदवीसारखे शिक्षणसाहाय्य सहसा मिळत नाही. आकडे समोरासमोर ठेवून घरात बोलावे, हे बरे.

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, देशभरात मिळून वर्षाला 20. राज्याच्या आदिवासी विकास आयुक्तालयाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे, पेठहून दीड-दोन तासांवर. अंतर हा इथला अडसर नव्हे. अडसर असा की अशी पदवी असते, हेच आश्रमशाळेतल्या हुशार मुलीला कोणी सांगत नाही. विज्ञान म्हटले की डॉक्टर, परिचारिका किंवा डीएड.

आणि पदवीनंतर? इथे गोष्ट अवघड होते. परदेशी शिकलेल्यांतले बरेच कंपन्यांत जातात. कोणी दर्जाच्या विभागात, कोणी नियामक कागदपत्रांत, कोणी विक्रीत. भारतातही 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. उपकरणांचे धोक्यानुसार अ ते ड असे चार वर्ग झाले आणि एप्रिल 2020 पासून सर्वच उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली. त्यामुळे नियम जाणणाऱ्या अभियंत्यांना मागणी आहे. नोकरी म्हणून हे उत्तम. पण ज्या रुग्णालयात पाहायला शिकवले, तिथे परतण्याची जागा फार थोडी. सरकारी व्यवस्थेत असा अभियंता असलाच तर जिल्हा पातळीवर, आणि बहुधा कंत्राटी.

त्याची गरज किती, याची मोजदाद सरकारनेच केलेली आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली 2015 मध्ये उपकरण देखभालीचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा 29,115 आरोग्यसंस्थांतली 7,56,750 उपकरणे नोंदवली गेली. किंमत सुमारे 4,564 कोटी रुपये. राज्याराज्यांत त्यांतली 13 ते 34 टक्के बंद निघाली. जगभरही चित्र असेच आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे रॉबर्ट मॅल्किन आणि सहकाऱ्यांनी गरीब देशांतल्या एक लाखाहून अधिक उपकरणांच्या नोंदी पाहिल्या, त्यांत 38 टक्के बंद होती. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात असे निघाले की बंद पडलेल्यांपैकी 66 टक्के उपकरणे केवळ 107 कौशल्यांच्या बळावर पुन्हा चालू करता येतात. वायर जोडणे, गळती थांबवणे, वीजपुरवठा दुरुस्त करणे, वापरणाऱ्याला नीट शिकवणे अशी ती कौशल्ये. हे वाचून पदव्युत्तर पदवीची गरजच काय, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. दोन-तृतीयांश काम आयटीआय झालेला, नीट शिकवलेला मुलगा करील, आणि पेठसारख्या तालुक्यात असा मुलगा असणे हे दूरच्या दहा पदवीधरांपेक्षा मोलाचे. पदव्युत्तर माणूस हवा तो उरलेल्या कामासाठी. काय विकत घ्यावे, करारात काय लिहून घ्यावे, कोणते यंत्र इथे आणूच नये, हे ठरवायला.

कराराचेच घ्या. त्या देखभाल कार्यक्रमात उपकरणे किती वेळ चालू राहावीत, याची अट घातलेली आहे. जिल्हा रुग्णालयात 95 टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रात 90 टक्के, प्राथमिक आरोग्य केंद्रात 80 टक्के. वरवर पाहता ही व्यवहारी उतरंड आहे, दूरच्या जागी पोचायला वेळ लागतो म्हणून. पण हिशेब मांडून पाहा. 95 टक्के म्हणजे वर्षातले सुमारे 18 दिवस यंत्र बंद राहिले तरी चालेल. 80 टक्के म्हणजे 73 दिवस. शहरात एका रुग्णालयातले यंत्र बंद पडले तर शेजारी दुसरे असते. घाटावरच्या प्राथमिक केंद्रात बाळाला ऊब देणारा एकच वॉर्मर असेल, तर त्या 73 दिवसांत जन्मलेल्या बाळाला दुसरा वॉर्मर नाही. म्हणजे पर्याय जिथे सर्वांत कमी, तिथे बंद राहण्याची मुभा सर्वांत जास्त. शिवाय 73 दिवसांची ही मुभा वर्षभरात कशीही खर्च होऊ शकते. वीज सर्वांत जास्त वेळा जाते, ओल सर्वांत जास्त शिरते आणि दुरुस्तीची गाडी सर्वांत उशिरा पोचते, ते महिने आषाढ-श्रावणाचे. न्यूमोनियाही तेव्हाच वाढतो.

अट वर्षाऐवजी महिन्यावर मोजली तर? किंवा एकुलते एक यंत्र असलेल्या केंद्राला जिल्हा रुग्णालयाची टक्केवारी लावली तर? दुरुस्तीला नेताना बदली यंत्र ठेवून जाणे सक्तीचे केले तर खर्च किती वाढेल? हे प्रश्न सोडवायला ऊष्मागतिकीही लागते, करारही वाचावा लागतो, आणि श्रावणातला सावळघाट पाहिलेला असावा लागतो. व्यावसायिक पदवीच्या वर्गात असा प्रश्न गटाला दिला तर वर्षभर पुरेल. पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकच्या डोंगरातून आलेली एखादी विद्यार्थिनी त्या गटात असेल, तर पाहणीसाठी राखलेले पहिले सत्र तिने बरेचसे आधीच पुरे केलेले असेल.